फडावर आलेला सवाल

या सदरासाठी वाचकांची जी पत्रे आम्हांस येतात, त्यांत अलीकडे एक तक्रार वारंवार डोकावू लागली आहे. तक्रार करणारे बहुधा घरातील वडीलधारे असतात आणि तक्रार असते ती नातवंडांच्या गाण्याविषयी. याला गाणे तरी कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न. सूर नाही, आलाप नाही, तान नाही. ढगळ कपडे घालून, हातवारे करीत पोरे नुसती बोलत सुटतात. आणि बोलतात ते तरी काय? कधी स्वतःची बढाई, कधी दुसऱ्याची निंदा, तर कधी राज्यकर्त्यांना दूषणे. एका आजोबांनी तर त्रासून विचारले आहे, की असल्या बडबडीला संस्कृती म्हणणारे लोक शहाणे की वेडे?

या बोलत्या गाण्याला ‘रॅप’ म्हणतात, आणि ज्या व्यापक जीवनरीतीचा तो एक भाग आहे तिला ‘हिप-हॉप’ असे नाव आहे. प्रश्न रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला टाळाटाळ करणे या सदराच्या परंपरेत बसत नाही. तेव्हा या महिन्यात आम्ही त्याचाच विचार करावयाचे योजिले आहे. मात्र विचाराचा आरंभ अमेरिकेपासून न करता आपल्या कटंगीच्या परिसरापासून केलेला बरा. कारण परक्या वस्तूचे मोल ठरवावयाचे तर आपल्या घरातील माप आधी हाताशी असावे लागते.

आपला हा मुलूख सीमेवरचा. बावनथडीच्या पलीकडे तुमसर आणि भंडारा. अलीकडे कटंगी, तिरोडीच्या मँगनीजच्या खाणी, वारासिवनीचे हातमाग आणि बालाघाट. १८६७ साली बालाघाट जिल्हा निर्माण झाला तोच भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो; राजधानी नागपूरची भोपाळ झाली. पण सोयरीक तुटली नाही, आणि दिवाळीनंतरची मंडईही तुटली नाही. गावोगावच्या मंडईत दंडार उभी राहते आणि पूर्व विदर्भाची खडी गंमत रंगते. ढोलकी, डफ आणि तुणतुणे घेऊन शाहीर उभ्याने गातो, झीलकरी त्याची ओळ उचलतात, नाच्या फेर धरतो आणि गण-गौळण संपली की सवाल-जवाबाला तोंड फुटते. ज्यांनी तो प्रकार ऐकला आहे त्यांस ठाऊक असेल, की त्या वेळी सुरांकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. सारे कान शब्दांकडे लागलेले असतात. कोणी काय विचारले आणि समोरच्याने त्याचे काय उत्तर दिले, हाच तेथला खरा रस.

या सवाल-जवाबामागे कलगी-तुऱ्याची जुनी परंपरा उभी आहे. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला. या परंपरेच्या उगमाची जी आख्यायिका सांगतात, ती आपल्याच राज्यातील चंदेरीची आहे. तुकनगीर हा हिंदू साधू आणि शाहअली हा मुसलमान फकीर. दोघांचा शिव-शक्तीवर पद्यात वाद रंगला आणि चंदेरीच्या राजाने प्रसन्न होऊन आपल्या मुकुटातील तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली. आख्यायिकेस इतिहासाचा पुरावा मागू नये. परंतु लोकांनी ती इतकी वर्षे का जपली याचा विचार अवश्य करावा. दोन पंथांचा, दोन धर्मांचा वाद तलवारीने न मिटवता एका सतरंजीवर बसून कवितेत मांडता येतो आणि राजा दोघांचाही सन्मान करतो, हे लोकांना सांगावयाचे होते.

फडाचे नियमही यातूनच आले. समोरच्याचा सवाल पुरता ऐकून घ्यावयाचा. मध्ये तोडावयाचा नाही. उत्तर त्याच ठेक्यात आणि त्याच विषयावर द्यावयाचे. निंदा कितीही जहाल असली तरी ती शब्दांत राहिली पाहिजे. निर्णय श्रोत्यांचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सवालाचे उत्तर ज्याला देता आले नाही तो फड हरला. हे माप हातात घेऊन आता आपण कटंगीपासून बारा हजारांहून अधिक किलोमीटरवरील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागात जाऊ.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राँक्सची दशा मोठी केविलवाणी झाली होती. १९४८ पासून तेथे बांधल्या गेलेल्या रुंद महामार्गाने नांदत्या वस्त्या उभ्या चिरल्या आणि हजारो कुटुंबांना उठवले. ज्यांना जमले ते निघून गेले; कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिको बेटावरून आलेले गरीब लोक मागे राहिले. कारखाने बंद पडले, आणि विम्याच्या पैशासाठी आपल्याच इमारतींना आगी लावणारे मालकही निघाले. बेकार पोरांच्या टोळ्या झाल्या आणि गल्लीच्या हद्दीवरून खून पडू लागले. १९७१ च्या डिसेंबरात, तहाचा निरोप घेऊन गेलेल्या एका तरुणाचाच बळी गेल्यानंतर, या टोळ्यांनी एकत्र बसून समेट केला. सूड घेणे शक्य असताना त्या तरुणाच्या टोळीने तो घेतला नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या समेटामुळे एका गल्लीतील मुलगा दुसऱ्या गल्लीतील नाचगाण्याला जाऊ शकू लागला.

पुढे ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून माफक तिकीट लावून एक मेजवानी ठेवली. गाणी वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. क्लाइव्ह कॅम्पबेल हे त्याचे नाव; ‘कूल हर्क’ या नावाने तो प्रसिद्ध पावला. जमैका बेटावरून आलेला हा अठरा वर्षांचा तरुण. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती, की गाणे थांबून नुसता ताल वाजू लागतो तेव्हा नाचणाऱ्यांच्या अंगात खरा उत्साह संचारतो. पण तो भाग काही क्षणांचाच असतो. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा तालाचा भाग संपत आला की दुसरीवरचा सुरू करावयाचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवावयाची. अशा रीतीने क्षणभराचा ताल हवा तितका वेळ चालू राहिला, आणि त्या तालावर ध्वनिक्षेपक हातात घेऊन कोणी तरी बोलू लागले. ही हिप-हॉपची जन्मकथा. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी जुन्या तबकड्यांचेच वाद्य केले, इतके यातील मर्म ध्यानात आले म्हणजे पुरे.

तबकड्या फिरविणे, तालावर बोलणे, जमिनीवर अंग फिरवीत नाचणे आणि भिंतींवर रंगांनी अक्षरे रेखाटणे, ही या रीतीची चार अंगे मानली जातात. यांतील नाच २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक स्पर्धांपर्यंत पोहोचला. टोळ्यांतील वैर मात्र पूर्वीच दुसऱ्या रूपात वळले होते. कोण चांगला नाचतो, कोण चांगले यमक जुळवितो, कोणाच्या उत्तराने गर्दी हसते, यावर हार-जीत ठरू लागली. मुले वर्तुळ करून उभी राहतात, एकेक जण मध्ये येऊन आपले कवन म्हणतो आणि दुसऱ्याला वाट देतो. १९८२ साली ‘द मेसेज’ या गीताने झोपडपट्टीतील जीवनाचे विदारक वर्णन मांडले, तेव्हा हा नुसता करमणुकीचा प्रकार नाही हे अमेरिकेतील सुखवस्तू समाजालाही कळून चुकले.

आमच्या वाचकांना यात आपल्या फडाचे रूप दिसले असेल. तथापि हे सारे आपल्याकडूनच तिकडे गेले, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. त्याची मुळे पश्चिम आफ्रिकेतील वंशगायकांत, जमैकातील तबकड्यांवर बोलण्याच्या रिवाजात आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील प्रवचनांत आहेत. तेथे प्रवचनकार एक वाक्य म्हणतो आणि समुदाय त्याला प्रतिसाद देतो. आपण एवढेच म्हणावे, की दोन दूरच्या समाजांना सारखीच गरज पडली आणि दोघांनी सारखाच उपाय शोधला. बोलत्या गाण्याचा विटाळ तर मराठी माणसाने मुळीच मानू नये. अमृतरायांचा (१६९८–१७५३) कटाव काय सांगतो? चरणांचे बंधन नाही, अनुप्रास आणि यमकांची एकामागून एक झड लागलेली, श्वास घेण्यास उसंत नाही आणि टाळ-मृदंगाचा ठेका मात्र सुटत नाही. कीर्तनात कटाव ऐकून माना डोलावणाऱ्या आजोबांनी नातवाच्या रॅपला ‘सूर नाही’ म्हणून बाद करणे हे न्यायाला धरून होणार नाही.

आता या रीतीच्या राजकीय अंगाकडे वळू. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि महाराष्ट्रातील पददलित यांचे नाते रॅपपूर्वी कितीतरी वर्षे जुळलेले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो, निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. ब्राँक्समधील त्या मेजवानीच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून उभय समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली.

आणि यातील प्रत्येक टप्प्यावर मराठी माणसाने गाण्याचे साधन वापरले आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे काढले. गणात गणपतीच्या जागी सत्याला वंदन केले आणि वगात शेतकऱ्याची नाडवणूक मांडली. त्यापासून आंबेडकरी जलसे निघाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली कामगारवस्त्यांत गाऊ लागले. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव हिंडून भीमगीते पोहोचविली. आपल्या भागातील बौद्ध वस्त्यांत भीमजयंतीला आजही ही गाणी गायिली जातात. ज्यांना वर्तमानपत्र चालविता येत नव्हते, त्यांचे वर्तमानपत्र हा फडच होता. ब्राँक्समधील मुलांनी रॅपचा जो उपयोग केला, तो याहून निराळा नाही.

म्हणूनच मराठी तरुणांनी रॅप उचलला तेव्हा त्यांना तो परका वाटला नसावा. मुंबईत कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांतून निघालेल्या नेझी आणि डिव्हाइन या तरुणांच्या जीवनावरून स्फुरलेला ‘गली बॉय’ हा चित्रपट २०१९ साली आला आणि हा प्रकार घरोघरी पोहोचला. धारावीत मुलांना हे शिकविणारे वर्गही निघाले. त्याच वर्षी ‘स्वदेशी’ या मंडळाने प्रकाश भोईर या आदिवासी कार्यकर्त्याला बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले. त्याचा विषय होता आरेचे जंगल आणि तेथील वारली पाडे. त्याच ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, हे वाचकांस आठवत असेल. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ही तरुणी ‘माही जी’ या नावाने जंगल आणि आदिवासी यांच्यावर मराठीत रॅप करते. आणि आपल्याला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर. आपले नाव तो आकडा आणि अक्षरे जोडून ‘१००आरबीएच’ असे लिहितो. दूरचित्रवाणीवरील ‘हसल’ या रॅपस्पर्धेत हा वैदर्भी तरुण देशभरच्या श्रोत्यांपुढे उभा राहिला. मुंबई-पुण्याची छाप नसलेली बोली घेऊन मोठ्या मंचावर जाता येते, ही गोष्ट आपल्या मुलांनी पाहिली.

सवाल विचारणाऱ्यास किंमत मोजावी लागते, हेही त्यांनी पाहिले. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर, राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्या गीतांबद्दल पोलिसांत गुन्हे नोंदविण्यात आले. त्या गीतांतील भाषा सभ्य होती की नव्हती, यावर मतभेद होऊ शकेल. परंतु शाहिराच्या सवालाला पोलिसी खटला हे उत्तर नव्हे, एवढे फडाची रीत जाणणाऱ्याने म्हटलेच पाहिजे. अण्णाभाऊंच्या काळीही तमाशावर सरकारची बंदी आली होती. बंदी गेली, तमाशा ‘लोकनाट्य’ हे नवे नाव धारण करून पुन्हा उभा राहिला.

कोणी म्हणेल, समाज आणि राजकारण ठीक आहे, पण या गोंगाटात अध्यात्म कोठले? आम्हांस वाटते, की कलगी-तुऱ्याच्या वारसांनी तरी हा प्रश्न विचारू नये. ब्रह्म श्रेष्ठ की माया, या वेदान्तातील गहन प्रश्नाचा निकाल ज्यांनी ढोलकीच्या तालावर, शेतकरी आणि मजूर श्रोत्यांपुढे लावला, त्यांना तत्त्वज्ञान आणि तमाशा यांच्यात भिंत दिसली नाही. नाथांनी भारुडांतून हेच केले. अमेरिकेतही असे घडले आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६४ च्या सुमारास निघालेल्या ‘फाइव्ह पर्सेंट’ नावाच्या पंथाने प्रत्येक अंकाला आणि अक्षराला गूढ अर्थ दिला. अनेक नामांकित रॅपरांच्या कवनांत त्या पंथाची परिभाषा आढळते. मुले ज्या वर्तुळात उभी राहून गातात त्याला ती ‘सायफर’ म्हणतात, आणि पूर्णत्वाचे चिन्ह म्हणून वर्तुळाला त्या पंथातही मोठे स्थान आहे. वारीतील रिंगण पाहिलेल्या माणसास हे समजावून सांगण्याची गरज नाही. केंड्रिक लमार या रॅपरने तर देव, पाप आणि प्रायश्चित्त यांनाच आपल्या कवनांचा विषय केला. २०१५ साली त्याच्या ‘ऑलराइट’ या गीताचे बोल मोर्चांतून घोषणेसारखे उठले, आणि २०१८ साली त्याच्या ‘डॅम’ या गीतसंग्रहाला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अभिजात आणि जॅझ संगीताबाहेर ते प्रथमच गेले. हिप-हॉपची चार अंगे आम्ही वर सांगितली. तिचे अनुयायी पाचवे अंगही मानतात आणि त्याला ‘ज्ञान’ असे नाव देतात. स्वतःला ओळखणे, आपण कोठून आलो हे जाणणे, असा त्याचा आशय. ज्ञानावाचून पहिली चार अंगे म्हणजे नुसती कसरत, असे त्यांच्यातील जाणती मंडळी सांगतात.

याचा अर्थ आजोबांची तक्रार खोटी आहे असा नव्हे. रॅपच्या नावाखाली बाजारात जे येते, त्यात स्त्रीची विटंबना आहे, नशेचे कौतुक आहे, पिस्तूल आणि पैसा यांची फुशारकी आहे. कंपन्यांना जे खपते ते हवे असते, आणि शिवी सवालापेक्षा लवकर खपते. फडाची शिस्त सुटली म्हणजे काय होते, याचे भयानक उदाहरण अमेरिकेनेच पाहिले. देशाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील रॅपरांची चढाओढ शब्दांपुरती राहिली नाही, वैराला पोहोचली. त्या वातावरणात १९९६ साली टुपाक शकूर आणि १९९७ साली नोटोरियस बी. आय. जी. हे दोन मोठे कवी गोळ्या घालून मारले गेले. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस वर्षांचा. टोळ्यांच्या वैरातून जी कला समेटाकडे गेली होती, तीच पुन्हा वैराच्या दारी गेली. आमच्या शाहिरीतही अश्लीलतेचा भाग कमी नव्हता, आणि बायकांच्या वेषात पुरुष नाचवून बायकांचीच थट्टा करणारी खडी गंमत काही निर्दोष म्हणता येणार नाही. दोष दोन्हींकडे आहेत. म्हणून माप एकच ठेवावे, की या कवनात सवाल आहे का? आणि तो सवाल विचारणाऱ्याने स्वतःच्या जगण्यातून काढलेला आहे का? तसा तो नसेल तर ते गाणे खुशाल बंद करावे; असेल तर ऐकावे.

आता आम्ही आमच्या घराकडे येतो. कटंगीच्या मराठी घरांतील मुलामुलींच्या मनात काही सवाल आहेत, हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे. शाळेत हिंदी, घरात मराठी, आजीच्या तोंडी पोवारी किंवा झाडीबोली, आणि नोकरीच्या अर्जात इंग्रजी. नागपूरला कामासाठी गेले तर तेथील लोक बोलण्याला हसतात; भोपाळला गेले तर तेथे नावाला हसतात. आपण नेमके कोठले, हा त्यांचा पहिला सवाल. जमीन वाट्यावाट्याने लहान होत गेली. बापाने ती विकू नये म्हणतो, पण तीवर पोटही भरत नाही, हा दुसरा. खाणीतील मँगनीज गाड्या भरभरून जाते आणि गावातील पोरगा मात्र काम शोधीत परराज्यात जातो, हा तिसरा. आणि चौथा सर्वांत अवघड. मंडईत एकत्र बसणारी माणसे लग्नाच्या पंगतीत, पाणवठ्यावर आणि स्मशानात अजून वेगवेगळी का, असे मुले विचारतात, आणि मुली विचारतात की भावाला जे विचारले जात नाही ते आम्हांलाच का. हे सवाल जेवताना बापासमोर विचारता येत नाहीत. यमक जुळवून, ठेका धरून, मित्रांच्या वर्तुळात उभे राहून विचारता येतात. आमच्या पणज्यांनाही आपली गाऱ्हाणी सासऱ्यासमोर मांडता येत नव्हती. त्यांनी ती जात्याला सांगितली, आणि म्हणूनच ओवी जन्मली.

या सवालांना आम्ही आजवर काय जवाब दिला? ‘आवाज कमी कर’, एवढाच. फडाच्या नियमाने पाहिले तर हा जवाब नव्हे.

यासाठी आमच्या वाचकांना, विशेषतः वडीलधाऱ्यांना आणि माता-भगिनींना, काही विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी, की मुलाचे किंवा मुलीचे कवन एकदा शेवटपर्यंत ऐकावे; मध्ये तोडू नये. दुसरी, ते कागदावर उतरवून मागावे. कागदावर आले म्हणजे पोकळ शब्द आपोआप उघडे पडतात, आणि लिहिणाऱ्यालाच त्यांची लाज वाटू लागते. तिसरी, भाषेचा दुराग्रह धरू नये. मराठीत हिंदी मिसळली, पोवारी मिसळली म्हणून नाक मुरडू नये. अमृतरायांनीही मराठीबरोबर हिंदीत रचना केल्या. ज्या घरातील मुले आता मराठी पुस्तक उघडत नाहीत, त्या घरात यमक शोधण्यासाठी का होईना, पण कोणी आजीला एखादा शब्द विचारावयास आले, तर तो लाभच समजावा. चौथी विनंती मंडईच्या पंचांना. पुढील दिवाळीनंतर एखाद्या गावाने खडी गंमतीचा जुना शाहीर आणि रॅप करणारी मुले-मुली यांना एकाच मंचावर, समोरासमोर उभे करून पाहावे. ढोलकीवाल्याने ठेका धरावा, सवाल मुलांनी टाकावा आणि जवाब शाहिराने द्यावा. मग शाहिराने सवाल टाकावा आणि मुलांनी जवाब द्यावा. शिवीगाळ नाही, जातीवरून टोमणा नाही, बाईवरून विनोद नाही, एवढे नियम आधी सांगावेत. त्यात शाहिराला नवे श्रोते मिळतील आणि मुलांना जुनी शिस्त मिळेल.

शाहिरांची पिढी आता थकत चालली आहे. त्यांच्यामागे ढोलकी कोणी हाती घ्यावी, हा प्रश्न कटंगीच्या आसपासच्या प्रत्येक गावात उभा आहे. मुलांच्या हाती तबकडी आहे, भ्रमणध्वनी आहे, ठेका आहे. त्यांना हवा आहे तो समोरचा फड, जो ऐकून घेईल, चूक असेल तेथे खोडून काढील आणि बरोबर असेल तेथे मान डोलावील. हा समोरचा फड परगावाहून येणार नाही. तो आपणच व्हावयाचा आहे. तुकनगीर आणि शाहअली यांच्या वादात राजाने दोघांनाही मान दिला, कारण दोघांनीही परस्परांना उत्तरे दिली होती. आपल्या दारात सवाल येऊन उभा आहे. तो विचारणारा आपल्याच रक्ताचा आहे, आणि ज्या फडाने उत्तर दिले नाही तो हरला, हा नियम घरालाही लागू आहे.